उसाच्या रस्त्यावर दोन गाड्या

अंकुशनगरला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला फारसा पत्ता सांगावा लागत नाही. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, बीडकडे निघालात की पाचोड मागे पडते, वडीगोद्री येते, आणि शहागडचा गोदावरीवरचा पूल येण्याआधी हवेत मळीचा वास येऊ लागतो. तोच पत्ता. नोव्हेंबर ते मार्च हा वास आमच्या कपड्यांना, उशांना आणि पाहुण्यांच्या बॅगांनाही लागतो. आम्हाला तो येत नाही, पाहुण्यांना येतो.

कागदोपत्री हा महाकाळ्याचा परिसर, अंबड तालुका, जालना जिल्हा. समर्थ सहकारी साखर कारखाना इथे उभा राहिला, त्याच्याभोवती वसाहत झाली आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांच्या नावाने ती अंकुशनगर झाली. त्याआधी या भागाची ओळख ज्वारी, कापूस आणि दुष्काळ अशी होती. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले, डाव्या कालव्याचे पाणी अंबड आणि घनसावंगीच्या शिवारात आले आणि पाण्यामागून ऊस आला. आमचे अब्बा याच कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली, तरी भोंगा वाजला की ते आजही मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात.

एवढे सगळे सांगायचे कारण, आम्ही गाडी घेतली ती या रस्त्यासाठी घेतली. शोरूममधला सेल्समन शहरातल्या ट्रॅफिकची आणि पार्किंगची गोष्ट करत होता. आमच्या दारात दोन ट्रक उभे राहतील एवढी जागा आहे. आमचा प्रश्न वेगळा होता.

मागच्या हंगामातल्या जानेवारीची एक रात्र. इशानंतर अब्बांच्या छातीत दुखू लागले, घाम फुटला. घरात दुचाकी एक. ओळखीची जीप लग्नाला गेलेली. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघालेली होती. शेवटी शेजारच्या दूधवाल्या भाऊंनी पिकअप काढला. अब्बांना केबिनमध्ये मध्ये बसवले, एक जण त्यांना धरून, दुसरा मागे दुधाच्या रिकाम्या कॅनजवळ. पाचोडच्या अलीकडे एकदम ब्रेक लागला आणि पिकअप डावीकडे झुकला. महामार्गाच्या मधोमध उसाची ट्रॉली एक्सल तुटून उभी होती. मागे लाल दिवा नाही, चाकाखाली दगड आणि त्यावर उसाच्या पाचटाची एक जुडी, एवढीच खूण. भाऊ रोज त्या रस्त्याने जाणारे, म्हणून वाचलो. अब्बांना त्या रात्री औरंगाबादला दाखल केले, दोन स्टेंट पडले. अल्हम्दुलिल्लाह, आज ते बागेत दोडक्याचा वेल चढवतात. पण त्या रात्रीनंतर घरात गाडीचा विषय निघाला तो पुन्हा मिटला नाही.

आता गाडी कोणती? आमच्या घरात माणसे सहा. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे, मोठी मुलगी आठवीत आणि धाकटा तिसरीत. सहा माणसे पाच सीटच्या गाडीत बसत नाहीत हे आम्हाला माहीत होते; पण सात सीटची गाडी आमच्या ऐपतीबाहेर होती, आणि सहाही जण एकाच वेळी निघाले असे वर्षातून ईदला आणि एखाद्या लग्नालाच होते. त्यामुळे छोट्या हॅचबॅकवर एकमत झाले. मग नावे उरली दोन: मारुतीची वॅगनआर आणि टाटांची टियागो. या दोन्ही गाड्या आमच्या नात्यातच आहेत, अंबडच्या मामूंकडे वॅगनआर आणि पैठणच्या खालूंकडे टियागो. शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह म्हणजे दोन किलोमीटर गुळगुळीत रस्ता, एसी फुल आणि शेजारी बोलत राहणारा मुलगा. त्यावरून काही कळत नाही. आम्ही ठरवले, दोन्ही गाड्या मागून घ्यायच्या, एकेक दिवस आपल्याच रस्त्यावर, आपलीच माणसे बसवून चालवायच्या, आणि मग मशवरा करायचा.

पहिला दिवस वॅगनआरचा. डिसेंबरातला रविवार. मामू आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून गेले आणि जाताना चार वेळा म्हणाले, "क्लच हळू सोडा." सकाळी नऊला निघालो. वडीगोद्रीला महामार्ग सोडून अंबडच्या रस्त्याला लागलो, तिथून जालना.

या गाडीची पहिली परीक्षा निघण्याआधीच झाली. अम्मींचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. रिक्षात चढताना त्या एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने आमचा खांदा धरतात. वॅगनआरचे दार उघडले, त्या वळल्या आणि बसल्या. बस्स. ना वाकणे, ना चढणे. "घरच्या पलंगावर बसल्यासारखं आहे," असे म्हणून त्यांनी ओढणी सारखी केली. या गाडीची उंची 1675 मिलिमीटर आहे, टियागोची 1535. हा 14 सेंटिमीटरचा फरक माहितीपत्रकात एक आकडा असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तोच सगळ्या गाडीचा निकाल असतो. वॅगनआर 1999 च्या डिसेंबरात भारतात आली तेव्हा तिच्या डब्यासारख्या आकाराला लोक हसले होते. आज ती देशात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत आहे, आणि त्याचे अर्धे श्रेय आम्ही तरी देशभरच्या अम्मींच्या गुडघ्यांना देऊ.

डिकीही मोठी, 341 लिटरची. आम्ही मुद्दाम घरून ज्वारीचे अर्धे पोते, दोन बॅगा आणि अम्मींची घडीची खुर्ची घातली. तरी जागा उरली. धाकट्याने आत बसून दाखवले आणि मार खाल्ला.

अंबडच्या अलीकडे मत्स्योदरीची टेकडी दिसते. माशाच्या आकाराची म्हणून तिचे हे नाव. गावात अहिल्याबाई होळकरांच्या काळातली पुष्करणी आहे. आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीला तिथल्या पायऱ्या मोजायला जायचो आणि दर वेळी वेगळा आकडा यायचा. त्या दिवशी थांबलो नाही. जालन्यात मोसंबीच्या मार्केटजवळून गाडी काढणे हीच एक परीक्षा होती. ट्रक, हातगाडे, टेम्पो, मधून जाणारी शाळकरी पोरे. इथे वॅगनआर फार सोपी वाटली. सीट उंच, काचा मोठ्या, पुढचे बोनेट दिसते, गाडी 3655 मिलिमीटर लांब, त्यामुळे जिथे शंका येईल तिथेही वळते. आम्हा दोघांकडेही लायसन्स आहे, पण दोघांपैकी एकाचा हात अजून कच्चा आहे. त्या कच्च्या हाताने जालन्यातली ती गल्ली न घाबरता पार केली.

जुहरची नमाज काळ्या मशिदीत पढलो. जमशेदखानाने बांधलेली ही मशीद. मोती तलावही त्याच्याच नावाशी जोडलेला. जालना म्हटले की लोकांना लोखंडाच्या सळया, बियाणे आणि मोसंबी आठवते. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली तेव्हापासून बियाण्यांचे नाव तर देशभर गेले. पण या शहराला जुना चेहराही आहे, तो बघायला कोणी थांबत नाही. आम्हीही अब्बांच्या औषधाची वेळ झाली म्हणून लवकर निघालो.

परतताना आम्ही मुद्दाम वडीगोद्रीच्या पुढे महामार्गावर थोडी गाडी धरून पाहिली. आणि इथे पहिल्यांदा मन साशंक झाले. ऐंशीच्या पुढे, समोरून वारा आणि बाजूने कंटेनर गेला की उंच, हलकी गाडी हलते. भीती वाटावी इतकी नाही, पण स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे इतकी. मामूंची गाडी 998 सीसीच्या छोट्या इंजिनाची; पाच माणसे आणि अर्धे पोते ज्वारी घेऊन ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना तिला दम लागतो. 1197 सीसीचे चार सिलिंडरचे मोठे इंजिनही याच गाडीत मिळते, ते घेतले तर ही तक्रार राहत नाही. पण हलण्याची राहते.

दुसरा दिवस टियागोचा. खालू पैठणला राहतात, म्हणून आम्ही बसने तिकडे गेलो आणि येताना गाडी घेऊन आलो. रात्री आपल्याकडे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाचोडमार्गे पुन्हा पैठण. अम्मी पैठणला जायचे म्हटले की कधी नाही म्हणत नाहीत. नाथसागराच्या बांधावरून पाणी पाहणे हा त्यांचा जुना शौक. हिवाळ्यात उथळ पाण्यात पक्षी उतरलेले असतात, 1986 पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे. अब्बांना पक्ष्यांपेक्षा पाण्याची पातळी पाहण्यात रस. "धरणात पाणी आहे, म्हणजे पुढच्या साली ऊस आहे," हा त्यांचा हिशेब.

पण आधी बसण्याचे. टियागोत अम्मींना खाली वाकून, डोके सांभाळून, मग गुडघा आत ओढून बसावे लागले. तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण दाराची कड घट्ट धरलेली आम्ही पाहिली. उतरताना तर हात द्यावाच लागला. डिकी 242 लिटरची. ज्वारी आणि बॅगा गेल्या, खुर्ची मुलांच्या पायांत आली. तीन सिलिंडरचे इंजिन, सुरू केल्यावर सीटखाली हलकी थरथर जाणवते. धाकटा म्हणाला, "गाडी थंडीनं कापतेय." टियागोचे नाव आधी झिका ठरले होते आणि 2016 साली त्याच नावाच्या विषाणूची साथ जगभर गाजली म्हणून ते घाईघाईने बदलले, ही गोष्ट मोठीने कुठून तरी वाचलेली, ती ऐकल्यावर दोघेही दिवसभर गाडीला झिकाच म्हणत होते.

मग महामार्ग लागला आणि चित्र पालटले. ही गाडी जमिनीला धरून चालते. वॅगनआरपेक्षा वजनाने शे-दीडशे किलो जास्त, उंचीने कमी. नव्वदच्या वेगाने बाजूने ट्रक गेला, तरी आत कळले नाही. दार लावताना येणारा आवाजही भरीव. 1199 सीसीचे इंजिन, 86 पीएसची ताकद, त्यामुळे ओव्हरटेक करताना मनात दुआ पढायची तेवढीच, गिअर बदलण्याची घाई नाही. अब्बा पुढे बसले होते. शहागडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि पुलावरून परत वळवल्यावर म्हणाले, "ही गाडी रस्त्याला विचारून चालत नाही."

मायलेजचा हिशेब आम्ही टाकी फुल्ल करून, चालवून, पुन्हा फुल्ल करून काढला, दोन्ही गाड्यांचा. कंपन्यांचे आकडे प्रयोगशाळेतले असतात. वॅगनआरच्या छोट्या इंजिनाला लिटरला 24.35 किलोमीटर लिहिलेले आहे. आम्हाला तिने 19 दिले, टियागोने साडेसोळा. आमचे महिन्याचे फिरणे आठशे किलोमीटर धरले तर फरक साडेसहा लिटरच्या आसपास. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे महिन्याला साडेसहाशे-सातशे रुपये, वर्षाला आठ हजार. ही रक्कम लहान नाही. सर्व्हिसिंगमध्येही मारुतीचे पारडे जड: प्रत्येक तालुक्याच्या गावात तिचा पार्ट मिळतो आणि गॅरेजवाल्याला गाडी तोंडपाठ असते. विकायला काढली तर तिची किंमतही जास्त येते. सीएनजीचा विचारही करून पाहिला. वॅगनआरमध्ये टाकीने डिकी भरून जाते. टियागोत 2023 पासून एकाऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवतात, त्यामुळे थोडी डिकी शिल्लक राहते. पण गॅससाठी वाट वाकडी करायची आणि रांगेत उभे राहायचे, हे रात्री-अपरात्री लागणाऱ्या गाडीला परवडणारे नाही. तो विषय तिथेच संपला.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी आम्ही आठ दिवस फोनवर आणि कागदावर डोके घातले. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या 64 किलोमीटरच्या वेगाने समोरून आदळून पाहते आणि तारे देते. 2023 साली वॅगनआरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एक तारा मिळाला, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. टियागोला 2020 साली मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन. हे आकडे पाहून आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, झाले, ठरले. दुसऱ्याने हात धरला. कारण या दोन परीक्षा एकच नव्हेत. 2022 पासून त्या संस्थेने नियम कडक केले. टियागोची परीक्षा जुन्या नियमांची, वॅगनआरची नव्या. दहावीचे आणि बारावीचे टक्के शेजारी मांडल्यासारखे ते होते. मग आणखी शोधले, तेव्हा कळले की वॅगनआरची परीक्षा 2019 सालीही झाली होती, जुन्याच नियमांनी, आणि तेव्हा तिला दोन तारे होते. म्हणजे एकाच पेपरात एकीला चार आणि दुसरीला दोन. आता तुलना बरोबर झाली.

त्यातही एक पेच होता. 2025 साली मारुतीने वॅगनआरच्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग देणे सुरू केले. आम्ही पाहिलेल्या टियागोत दोनच. सेल्समन म्हणाला, सहा मोठे की दोन? आम्हाला हा प्रश्न बराच छळत होता. बाजूने धडक बसली तर त्या जादा एअरबॅग कामाच्या आहेत, यात शंका नाही. आमची भीती मात्र समोरची होती: अंधारात उभी असलेली ट्रॉली. तिथे गाडीचा सांगाडा किती टिकतो हे आधी येते, आणि एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठीच असते. 2022 च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली होती. आमच्या अंबड-जालना रस्त्यावर मागे बसून पट्टा लावणारा माणूस दाखवा, म्हणजे आम्ही त्याला जेवायला बोलवू.

घरात मशवरा बसला तो शुक्रवारी, जुम्यानंतर. वॅगनआरच्या बाजूने अम्मींचे गुडघे, डिकी, वर्षाचे आठ हजार, मामूंचा मेकॅनिक, कच्चा हात. टियागोच्या बाजूने महामार्ग आणि ती रात्र. कागदावर वॅगनआर जिंकत होती. आम्ही दोघांनी मनातून तीच धरली होती, खोटे कशाला बोला. अम्मींना रोज त्रास होईल अशी गाडी त्यांच्याच घरात आणायची हे बरे दिसत नव्हते. मोठी मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिने मान वर न करता विचारले, "मागे कोण बसणार?" मागे तीच बसणार होती, आणि तिचा भाऊ.

थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग अम्मी म्हणाल्या, "बसायला उशी लावता येते." त्यांनी लगेच विषय बदलून मेथी निवडायला घेतली. नंतर त्यांनी सांगितले की पैठणहून परतताना, पाचोडजवळ, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ती जागा त्यांना आम्ही कधी दाखवली नव्हती, तरी त्यांना कळली होती.

पैशांबद्दलही लिहायला हवे, कारण वाचकांपैकी अनेकांना तोच खरा प्रश्न असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि दोन्ही गाड्यांच्या सुरुवातीच्या किमती पाच लाखांच्या खाली गेल्या. मधले मॉडेल घेतले तर शोरूमची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोलच्या, दहा लाखांपर्यंतच्या गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, त्यात विमा, नोंदणी. घरी येईपर्यंत साडेसहाच्या घरात. अब्बांच्या फंडातले, उसाच्या बिलाचे आणि अम्मींच्या भिशीचे मिळून आमच्याकडे पाच जमले होते. सेल्समनने सल्ला दिला, तुमचे पैसे बँकेत राहू द्या आणि चार लाखांचे कर्ज घ्या, हप्ता फक्त 8,400. 'फक्त' या शब्दावर आम्ही घरी येऊन गुणाकार केला. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षे, साठ हप्ते, एकूण पाच लाख चार हजार. म्हणजे एक लाख चार हजार रुपये नुसते व्याज. व्याज द्यायचे नाही हा आमच्या घरात अब्बांच्या काळापासूनचा नियम, दीनच्या कारणाने. पण ज्याला तो नियम नाही त्यानेही हा गुणाकार एकदा करून पाहावा. उरलेले दीड लाख मामू आणि खालू दोघांनी कर्ज-ए-हसना म्हणून दिले. कागद केला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, परतफेडीचे महिने लिहिले. मामू म्हणाले, घरच्यांत कागद कशाला? अब्बांनी सांगितले, घरच्यांत आहे म्हणूनच.

एका शोरूमच्या कोटेशनमध्ये सीट कव्हर, मॅट, स्टिकर आणि कसले तरी कोटिंग मिळून अठ्ठावीस हजार आधीच जोडलेले होते. विचारल्यावर म्हणाले, सगळेच घेतात. आम्ही प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत गेलो, तेव्हा ते काढले गेले. विमाही त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असे नाही, बाहेरचा भाव पाहिल्यावर सात हजार वाचले. आणि जानेवारीत गाडी घेणाऱ्यांनी चेसिस नंबर पाहून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारावे. आम्हाला दाखवलेली पहिली गाडी आदल्या वर्षीच्या ऑगस्टची होती. चकचकीत होती, पण पाच महिने उन्हात उभी होती. दुसरी मागितली, दहा दिवस थांबलो.

यंदा रमजान फेब्रुवारीत आला, म्हणजे ऐन हंगामात. त्याआधी गाडी हातात हवी होती, कारण इफ्तारच्या वेळेला या रस्त्यावर सगळ्यांनाच घाई असते आणि नेमक्या त्याच वेळी, मगरिबच्या अंधुक उजेडात, उसाच्या गाड्या वजनकाट्याकडे निघालेल्या असतात. जानेवारीच्या शेवटी आम्ही जालन्याहून टियागो घेऊन निघालो. एमएच 21 ची पाटी, पेढे वाटून झाले, अम्मी पुढे बसल्या, त्यांच्याखाली चार इंचांची फोमची उशी. ती त्यांनी स्वतः शिवली, जुन्या रजईचा कपडा लावून. उतरताना अजूनही हात द्यावा लागतो. मागे मुलांनी पट्टे लावले. धाकट्याने अंबडपर्यंत तीन वेळा काढला आणि तीन वेळा लावला.

जालना सोडण्याआधी अब्बांनी एका ऑटोमोबाइलच्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावली. आम्हाला वाटले हार किंवा सुगंधी बाटली घेतील. ते लाल रेडियमची मोठी गुंडाळी घेऊन आले. दर हंगामात आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, त्या दिवशी फोटो निघतो, आणि पुढच्याच फेरीला उसाच्या मोळ्यांखाली ते झाकले जातात किंवा घासून निघून जातात. टायर बैलगाड्यांना तर अनेकदा काहीच नसते. ऊसतोड कामगाराने दिवसभर कोयता चालवून रात्री गाडी हाकायची, त्याला दिव्याचे सुचणार कधी?

दुसऱ्या दिवसापासून असर झाली की अब्बा कारखान्याच्या यार्डाकडे जातात. गव्हाणीपुढच्या रांगेत बैल सोडून गाड्या उभ्या असतात, माणसे चहा करत असतात. जुने कामगार म्हणून त्यांना आत कोणी अडवत नाही. ते गाडीच्या मागच्या फळीवरची माती फडक्याने पुसतात, हातभर पट्टी कापतात, चिकटवतात, आणि अंगठ्याने कडा दाबून पुढच्या गाडीकडे जातात. पहिली गुंडाळी एकोणतीस गाड्यांना पुरली. दुसरी आणायला ते परवा आमच्याबरोबर अंबडला आले होते, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांनी पट्टा लावला.